धर्मगुरूला आत टाकल्यावर त्याच्या गादीवर कोण बसतं?

कुठल्याही देशात एखाद्या धर्मगुरूला अटक झाली की तासाभरात वाद पेटतो आणि दरवेळी तो त्याच दोन खड्ड्यांत जाऊन पडतो. एक बाजू म्हणते हा आमच्या धर्मावरचा हल्ला आहे, सोडा त्यांना, आत्ताच्या आत्ता. दुसरी बाजू म्हणते कायदा सगळ्यांना सारखा, बाबा काय, पाद्री काय, मौलवी काय, सगळे एकाच माळेचे मणी, गेले आत तर बरंच झालं. पहिल्या बाजूला आरोप काय आहे हे ऐकायचंच नसतं आणि दुसऱ्या बाजूला आरोप खरा आहे का हे तपासायचं नसतं. मग पुढच्या महिन्यात दुसऱ्या धर्माचा कोणी आत गेला की हीच माणसं एकमेकांची वाक्यं बोलायला लागतात. मला या वादाचा खरंच त्रास होतो, कारण ज्यांचा खरोखर छळ चाललाय ती माणसं यात हरवून जातात आणि धर्माच्या आडून गुन्हे करणारे मात्र छळाचं नाव सांगून सहानुभूती गोळा करत राहतात.

माझं म्हणणं सरळ आहे. धर्मस्वातंत्र्य ही धर्मगुरूंना दिलेली सूट नाही, तो साध्या माणसाचा हक्क आहे, कुणाला गुरू मानायचं आणि कुणाला नाही हे स्वतः ठरवायचा हक्क. त्यामुळे सरकार छळ करतंय की गुन्हेगार पकडतंय हे ओळखायचं असेल तर तो माणूस आपल्याला आवडतो का, तो किती पवित्र आहे, हे बघून काही कळणार नाही. त्याला नेमक्या कुठल्या कृत्यासाठी पकडलं ते बघा, खटला उघड चालला का ते बघा, आणि तो आत गेल्यावर त्याच्या गादीवर कोणाला बसवलं ते बघा. या शेवटच्या प्रश्नाबद्दल जवळजवळ कोणीच बोलत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तोच सांगून जातो.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते पूर्ण मान्य करू, कारण ते वजनदार आहे. धर्मगुरू म्हणजे आपोआप पीडित, असं अजिबात नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पंचकुल्याच्या सीबीआय कोर्टाने गुरमीत राम रहीमला दोन साध्वींवरच्या बलात्काराबद्दल दोषी धरलं, त्यानंतर जो हिंसाचार आणि गोळीबार झाला त्यात तीसहून जास्त माणसं गेली, आणि रस्त्यावर उतरलेल्या कित्येकांना मनापासून वाटत होतं की आपल्या गुरूचा छळ चाललाय. ती तक्रार २००२ च्या एका निनावी पत्रातून बाहेर आली होती. म्हणजे निकालाला पंधरा वर्षं लागली, आणि त्यात गादीच्या दराऱ्याचा वाटा नव्हता असं कोण म्हणेल? जपानमध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने १९९५ साली टोकियोच्या मेट्रोत सरिन वायू सोडला, डझनभराहून जास्त माणसं मेली, हजारो जखमी झाली, आणि त्याआधी कितीतरी तक्रारी असूनही ही नोंदणीकृत धार्मिक संस्था आहे म्हणून पोलीस हात घालायला कचरत राहिले. आणखी मागे जा. १८२९ मध्ये बेंटिंकने सतीबंदी आणली तेव्हा कलकत्त्याची धर्मसभा हा आमच्या धर्मात हस्तक्षेप आहे म्हणत थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली, १८३२ मध्ये तिचं अपील फेटाळलं गेलं. म्हणजे धर्मस्वातंत्र्याची हाक बाईला चितेवर चढवण्यासाठीसुद्धा दिली गेलेली आहे. हे ज्याला आठवत नाही त्याने या विषयावर बोलूच नये असं मला वाटतं.

पण या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे. तिथे कोणीतरी बळी आहे, हाडामांसाचा, नाव-गाव असलेला, ज्याच्या अंगावर वार झालाय. आता दुसरी यादी बघा. चीनच्या चेंगडू शहरातले पाद्री वांग यी यांना २०१८ च्या डिसेंबरमध्ये पकडलं आणि वर्षभराने नऊ वर्षांची शिक्षा दिली, मुख्य आरोप काय तर राज्यसत्ता उलथवायला चिथावणी. निकाराग्वातल्या मातागाल्पाचे बिशप रोलांदो अल्वारेझ यांना २०२२ मध्ये घरकैदेत टाकलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने २२२ राजकीय कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला हद्दपार केलं तेव्हा त्यांनी विमानात चढायला नकार दिला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली, वर नागरिकत्वही काढून घेतलं. सौदी अरेबियातले धर्मपंडित सलमान अल-औदा यांनी २०१७ मध्ये कतारशी समेटाच्या बातमीवर देव त्यांची मनं जुळवो अशा अर्थाचं ट्विट केलं, त्यानंतर ते आत गेले आणि सरकारी वकिलांनी त्यांच्यासाठी मृत्युदंड मागितला. इराणमध्ये बहाई या अल्पसंख्य धर्माच्या समाजाचं काम बघणाऱ्या सात जणांना २००८ मध्ये धरलं, आरोप इस्रायलसाठी हेरगिरी, शिक्षा वीस वर्षं. या प्रत्येक केसमध्ये विचारून बघा, बळी कोण? कुणाचं घर जळलं, कुणाची मुलगी लुटली, कुणाचा पैसा बुडाला? कागदावर बळी एकच, राज्य. तक्रारदार राज्य, साक्षीदार राज्याचे, न्यायाधीश राज्याने बसवलेला.

आणि हे काही नवीन नाही. प्रार्थना केली म्हणून अटक, असं वॉरंटवर सहसा कोणी लिहीत नाही, आजही नाही आणि पूर्वीही नाही. १६०६ मध्ये शिखांच्या गुरू अर्जनदेवांना लाहोरला यातना देऊन मारलं तेव्हा समोर ठेवलेलं कारण होतं की त्यांनी बंडखोर शहजादा खुसरोला आशीर्वाद दिला. म्हणजे आरोप राजद्रोहाचा. पण जहांगीरने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय की हे दुकान तीन-चार पिढ्या चाललं होतं आणि ते बंद करावं हे त्याच्या मनात बऱ्याच दिवसांपासून होतं. खुसरोचं बंड हे निमित्त, खरी अडचण होती ती लोक त्या माणसाकडे जात होते ही. १९४९ मध्ये हंगेरीत कार्डिनल मिंडसेंटींवर खटला भरला तेव्हा देशद्रोहाच्या जोडीला परकीय चलनाचा काळाबाजारही लावला होता, लोकांच्या मनातून माणूस उतरावा म्हणून. त्यामुळे आरोप देशद्रोहाचा आहे, धर्माचा नाहीच, मग धर्मस्वातंत्र्य कशाला मधे आणता, असं कोणी म्हणालं की मला एवढंच विचारावंसं वाटतं, चारशे वर्षांत दुसरा कुठला आरोप वापरलाय?

मग सरकारने हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. नीट वागलेल्या सरकारांची आणि कोर्टांची उदाहरणं आहेत आणि ती आपण पुरेशी सांगत नाही. त्याच जपानचं बघा. सरिन हल्ल्यानंतर देश हादरलेला, संताप टोकाला, सरकारने ओमवर विध्वंसक कारवायांविरुद्धचा कायदा लावून पंथच बेकायदा ठरवायची मागणी केली, आणि १९९७ च्या जानेवारीत संबंधित आयोगाने ती नाकारली. पंथाचा धार्मिक संस्था म्हणून असलेला दर्जा गेला, प्रमुख असाहाराला आणि इतरांना वर्षानुवर्षं उघड खटला चालवून शिक्षा झाल्या, २०१८ मध्ये फाशीही झाली, वारसदार गटांवर आजही पाळत आहे, पण तो पंथ मानणं हा गुन्हा ठरला नाही. दक्षिण कोरियात कोविडच्या सुरुवातीला शिन्चिओंजी पंथातून साथ पसरली म्हणून अख्खा देश त्यांच्यावर खवळला होता, प्रमुख ली मान-ही यांना २०२० मध्ये अटक झाली, पण २०२१ मध्ये कोर्टाने साथरोग कायद्याच्या आरोपातून त्यांना सोडलं आणि पैशांच्या अफरातफरीत मात्र दोषी धरलं. किती स्वच्छ काम आहे बघा, लोकांचा राग एका बाजूला, पुरावा दुसऱ्या बाजूला. आणि १८६२ चा मुंबईतला महाराज लायबल खटला तर आपल्याला ठाऊक असायलाच हवा. करसनदास मुळजी या पत्रकाराने वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिलं, जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, भर कोर्टात साक्षी झाल्या, डॉक्टर बोलले, भक्त बोलले, आणि करसनदास सुटले. त्या खटल्यात धर्मगुरूची नुसती तपासणी झाली, छळ नाही झाला, कारण सगळं उजेडात झालं आणि त्यानंतर कोणी संप्रदायाला टाळं ठोकलं नाही.

उजेडात होणं हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतोय. १९३८ मध्ये जर्मनीत पाद्री मार्टिन निमोलर यांचा खटला संपला तेव्हा कोर्टाने दिलेली शिक्षा त्यांनी आधीच भोगून झाली होती, म्हणजे ते मोकळे. पण कोर्टातून बाहेर पडले ते घरी गेलेच नाहीत, गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांनी परस्पर छळछावणीत नेलं आणि युद्ध संपेपर्यंत ते छळछावण्यांतच होते. कायदा आपलं काम करेल म्हणणाऱ्यांनी कायदा काम करतोय का, हे शेवटपर्यंत बघितलं पाहिजे. भारतात जेझुइट पाद्री स्टॅन स्वामींना ऑक्टोबर २०२० मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली, वय त्र्याऐंशी, पार्किन्सन्सचा आजार, आणि जुलै २०२१ मध्ये ते कोठडीतच गेले, खटला सुरूसुद्धा झाला नव्हता. ती केस धर्माची होती असं मी म्हणत नाही, आरोप खरा होता की खोटा हे कोर्टात कधी ठरलंच नाही. पण जिथे खटल्याआधीच शिक्षा भोगून होते तिथे उद्या कुठल्याही पंथाच्या कुठल्याही माणसाला, पुरावा असो नसो, संपवता येतं. हे ज्याला दिसत नाही त्याला आपल्या गुरूची पाळी आली की दिसेल.

आता गादीचा प्रश्न. गुन्हेगार पकडणाऱ्या सरकारला गादीशी काही देणंघेणं नसतं. डॉक्टरला अटक झाली तर पेशंटनी उद्यापासून कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे पोलीस ठरवत नाहीत. पण छळ करणारं सरकार नेमकं तेच ठरवायला धडपडतं, आणि तिथेच ते पकडलं जातं. १९२२ मध्ये सोव्हिएत सरकारने रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क तिखोन यांना घरकैदेत टाकलं, निमित्त होतं दुष्काळासाठी चर्चची मौल्यवान भांडी जप्त करण्याला झालेल्या विरोधाचं, त्याच प्रकरणात पेट्रोग्राडचे मेट्रोपॉलिटन, म्हणजे तिथले मोठे बिशप, व्हेनियामिन यांना ऑगस्टमध्ये गोळ्या घातल्या. दुष्काळ खरा होता, माणसं लाखांनी मरत होती, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटेल की सरकारची बाजू माणुसकीची. पण तिखोन आत जाताच महिन्याच्या आत सरकारच्या पाठिंब्याने 'जिवंत चर्च' नावाचा गट पुढे आला आणि त्याने चर्चचा कारभार हातात घेतला. भांड्यांसाठी एवढं कशाला करावं लागतं? नाझींनी १९३३ मध्ये हेच केलं, प्रोटेस्टंट चर्चनी आधी दुसऱ्याच माणसाला निवडलं होतं, त्याच्यावर दबाव आणून त्याला बाजूला व्हायला लावलं आणि लुडविग म्युलर हा हिटलरचा माणूस राइश बिशप, म्हणजे त्या चर्चचा देशभरचा प्रमुख, करून बसवला. एरिट्रियात ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क अबुने अँटोनिओस यांनी चर्चमधल्या सरकारी ढवळाढवळीला आणि पाद्र्यांच्या अटकेला विरोध केला, त्यांना पदावरून काढलं, नजरकैदेत टाकलं, २००७ मध्ये त्यांच्या जागी दुसरा बसवला, आणि ते २०२२ मध्ये नजरकैदेतच वारले, वय चौऱ्याण्णव.

आणि मग तिबेट. १४ मे १९९५ ला दलाई लामांनी गेधुन चोएक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला अकरावा पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचा तिबेटी धर्मगुरू, म्हणून मान्यता दिली. तीन दिवसांनी चिनी सरकारने त्याला आई-वडिलांसकट उचललं, आणि तेव्हापासून त्याला कोणीही उघडपणे भेटू शकलेलं नाही. त्याच वर्षअखेर सरकारने सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून ग्याल्त्सेन नोर्बू या दुसऱ्या मुलाला गादीवर बसवलं. सहा वर्षांच्या पोराने कुठला देशद्रोह केला होता? कुठली दंगल घडवली होती? इथे आरोपाचं सोंगसुद्धा नाही, सरळ गादीच हवी होती. २००७ मध्ये तर चीनने आदेशच काढला की सरकारी मंजुरीशिवाय कुठल्याही लामाचा पुनर्जन्म ग्राह्य धरला जाणार नाही. अधिकृतपणे नास्तिक असलेला पक्ष पुनर्जन्माला परवानगी देतोय. यात विसंगती आहे असं लोक म्हणतात, मला तर सगळं सुसंगत वाटतं, कारण त्यांना पुनर्जन्म खरा की खोटा याच्याशी कर्तव्यच नाही, लोक ज्याच्या पाया पडतात तो आपल्या खिशात असावा एवढंच त्यांना हवंय. पंचेन लामांच्या परंपरेचं दलाई लामांच्या पुढच्या अवताराच्या मान्यतेत वजन असतं. २०२५ च्या जुलैमध्ये दलाई लामांनी जाहीर केलं की ही परंपरा पुढे चालेल आणि पुढचा अवतार ओळखायचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग ट्रस्टचा आहे, त्यावर चीनने लगेच सांगितलं की आमच्या मंजुरीशिवाय चालणार नाही. पंचवीस-तीस वर्षं आधी एक मूल का उचललं होतं ते आता सगळ्यांना कळतंय.

यावर एक चांगला आक्षेप येतो. मग मठ-मंदिरं-चर्च यांच्या कारभारात सरकारने काहीच लक्ष घालायचं नाही का, कोट्यवधींची मालमत्ता असते, घोटाळे होतात, पिढीजात वतनदाऱ्या असतात. प्रश्न रास्त आहे. पण याचं उत्तर भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्येच शिरूर मठाच्या खटल्यात बऱ्यापैकी दिलंय. मालमत्तेची व्यवस्था कायद्याने नियंत्रित करता येते, हिशोब मागता येतात, पण धर्माच्या बाबी कुठल्या आणि त्या कशा करायच्या हे तो संप्रदाय ठरवणार, सरकारी आयुक्त नाही. ही रेषा दरवेळी सोपी नसते, त्यानंतर सत्तर वर्षं कोर्टं तिच्यावरून भांडतायत, तरी रेषा आहे. हिशोब बघायला ऑडिटर पाठवणं वेगळं आणि प्रवचन कोण करणार, दीक्षा कोण देणार हे मंत्रालयातून ठरवणं वेगळं. पोलंडमध्ये १९५३ साली सरकारने हुकूम काढला की चर्चमधल्या नेमणुका आमच्या संमतीने व्हाव्यात, कार्डिनल विशिन्स्की म्हणाले हे आम्हाला मान्य करता येणार नाही, आणि सप्टेंबरमध्ये ते अटकेत गेले, तीन वर्षं आत राहिले. त्यांच्याकडे कोणी हिशोब मागितला नव्हता, नेमणुकीची सही मागितली होती.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो, की धर्मगुरूने धर्म करावा, पॉलिटिक्स कशाला करतो, केलं तर मग परिणाम भोगावे. यातही थोडं खरं आहे. व्यासपीठावरून अमुक पक्षाला मत द्या, तमुक लोकांना मारा असं सांगणारे आहेत, आणि हिंसेला चिथावणी हा गुन्हाच आहे, भगव्या, हिरव्या, पांढऱ्या कुठल्याही कपड्यात केला तरी. पण पॉलिटिक्स म्हणजे नक्की काय? ३ ऑगस्ट १९४१ ला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं की मनोरुग्ण आणि अपंग माणसांना सरकार मारतंय आणि हा खून आहे. हे धर्म झालं की पॉलिटिक्स? खुद्द बिशपना हात लावला तर तिथली जनता बिथरेल म्हणून नाझींनी त्यांना सोडलं, पण ती प्रवचनं वाटणाऱ्या ल्युबेकच्या तीन कॅथलिक पाद्र्यांना आणि एका लुथेरन पाद्र्याला १९४३ मध्ये गिलोटिनखाली मारलं. युगांडात आर्चबिशप जनानी लुवुम यांनी इदी अमीनला सैनिकांच्या मनमानी हत्यांबद्दल निषेधाचं पत्र दिलं, फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांचा जीव घेतला आणि सरकारने सांगितलं कार अपघात झाला. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांनी सैनिकांना सांगितलं की आपल्याच माणसांवर गोळ्या झाडायचा हुकूम पाळू नका, आणि १९८० च्या मार्चमध्ये दुसऱ्याच दिवशी वेदीसमोर त्यांना गोळी घातली. खून वाईट आहे असं म्हणणं जर पॉलिटिक्स असेल तर धर्मगुरूने बोलायचं तरी काय? जो धर्मगुरू अन्यायावर कधीच बोलत नाही तो कुठल्याच सरकारला नकोसा होत नाही, त्याच्या स्वातंत्र्यासाठी कोणाला कायदा करावा लागत नाही. कायदा लागतो तो दुसऱ्यासाठी.

परकीय हाताचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे आणि त्यात मी सहज सुटणार नाही. युक्रेनचं घ्या. रशियाच्या पॅट्रिआर्क किरील यांनी युद्धाला उघड आशीर्वाद दिलेत, आणि युक्रेनमधलं एक मोठं चर्च शतकानुशतकं मॉस्कोशी जोडलेलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनने कायदा केला की मॉस्कोशी संबंध असलेल्या धार्मिक संस्थांवर कोर्टामार्फत बंदी आणता येईल. ज्या देशावर रोज क्षेपणास्त्रं पडतायत त्याला इथे आरामात बसून उपदेश करायला मला संकोच वाटतो, खरंच वाटतो. शत्रूला ठिकाणं कळवणारा पाद्री असेल तर तो हेर आहे, त्याला शिक्षा व्हावी, यात शंका नाही. पण त्याच चर्चमध्ये जाणाऱ्या हजारो बायाबापड्यांची पोरं त्याच सीमेवर रशियाविरुद्ध लढतायत, त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला संस्था म्हणून दोषी धरणं मला पटत नाही. आणि त्यातही माझी तीच कसोटी, आरोप माणसावर ठेवा, पुरावा मांडा, आणि त्या चर्चने पुढे कोणाकडे बघायचं हे त्याच्या भक्तांना ठरवू द्या. युद्धात हे कठीण आहे हे मान्य, पण नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १८ तेवढ्यासाठीच बारकाईने लिहिलंय, श्रद्धा पाळण्यावर सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता आणि इतरांचे हक्क यांसाठी मर्यादा घालता येतात, श्रद्धा बाळगण्यावर नाही, आणि देशावर आणीबाणी आली तरी हे कलम गुंडाळून ठेवता येत नाही.

मी देवच मानत नाही, मला काय त्याचं, असं म्हणणारे माझे बरेच मित्र आहेत आणि त्यांच्याशी माझं हे भांडण जुनं आहे. अहो, अल्बानियाने १९६७ मध्ये धर्मच बंद केला, मशिदी-चर्च सगळं बंद, जगातलं पहिलं नास्तिक राज्य अशी घोषणा केली. त्यानंतर तिथे नास्तिकांना तरी मोकळेपणाने बोलता येत होतं का? तिथला हुकूमशहा एनव्हर होजा याला न पटणारा एक शब्द बोलायची कोणाची टाप नव्हती. धर्मगुरूवरचा हल्ला हा बहुतेक वेळा देवावरचा हल्ला नसतोच, सरकारच्या परवानगीशिवाय लोकांना एकत्र आणू शकणाऱ्या माणसावरचा हल्ला असतो. म्हणून तर युनियनचा नेता, पत्रकार, वकील आणि धर्मगुरू एकाच तुरुंगात भेटतात. आणि मुळात श्रद्धेच्या स्वातंत्र्यात श्रद्धा न ठेवायचं, धर्म बदलायचं स्वातंत्र्य आलंच, मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात ते स्पष्ट लिहिलंय. ते वाचवायचं असेल तर आपल्याला न पटणाऱ्या पाद्र्यासाठीही उभं राहावं लागेल.

श्रद्धाळू बाजूला मात्र मला याहून कडक बोलायचंय. तुम्ही आपल्या गुरूसाठी मागता ते शेजारच्याच्या गुरूसाठी मागत नाही. इंग्लंडमधल्या जाचाला कंटाळून प्युरिटन या ख्रिस्ती पंथाचे लोक समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सला गेले, स्वतःच्या श्रद्धेने जगायला, आणि तीसेक वर्षांतच त्यांनी बोस्टनमध्ये मेरी डायर या बाईला क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची आहे आणि बंदी असताना परत आली म्हणून फासावर दिलं, १६६० साली. छळ सोसल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही. त्याच वसाहतीने रॉजर विल्यम्सला हद्दपार केलं होतं, त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं आणि ज्यू, मुसलमान, मूर्तिपूजक सगळ्यांना श्रद्धेची मोकळीक हवी असं मांडलं, तेही स्वतः कट्टर ख्रिस्ती राहून. आजच्याकडे बघा. जगात कुठे मुसलमानांवर अन्याय झाला की आवाज उठवणारं पाकिस्तान सरकार, तिथे १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुसलमान नाहीत असं ठरवलं गेलं आणि १९८४ च्या अध्यादेशाने तर त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणवणं हाच तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा झाला. आपण कोण हे सांगायचा हक्कसुद्धा सरकारच्या हातात. कुठल्याही धर्माच्या माणसाने यात फक्त दुसऱ्याचं बघून बोट दाखवू नये, प्रत्येकाच्या घरात असं एक प्रकरण निघतं.

यातून बाहेर पडलेला एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो, अयातुल्ला हुसेन अली मोंताझेरी. इराणमध्ये धर्मगुरूंच्या हातात सत्ता देणारी जी व्यवस्था उभी राहिली तिच्या रचनाकारांपैकी ते एक, खोमेनींचे ठरलेले वारस. १९८८ मध्ये तुरुंगांतल्या राजकीय कैद्यांच्या सामूहिक हत्यांना त्यांनी विरोध केला आणि मार्च १९८९ मध्ये ती वारसदारी गेली. पुढे सर्वोच्च नेत्यावर टीका केली म्हणून १९९७ पासून २००३ पर्यंत त्यांना कोम शहरातल्या घरात कोंडून ठेवलं. धर्माच्या नावाने चालणारं राज्य आपल्याच सर्वात मोठ्या धर्मपंडितांपैकी एकाला कोंडतं, तिथे धर्मगुरूंसाठी वेगळं कोर्टही आहे, त्यामुळे राज्य धर्माचं झालं की धर्म सुरक्षित होतो हेही खरं नाही. मे २००८ मध्ये मोंताझेरींनी एक निवेदन काढलं. बहाई धर्म त्यांना मान्य नव्हता आणि तसं त्यांनी लपवलं नाही, पण बहाई या देशाचे नागरिक आहेत, त्यांना नागरिकाचे हक्क आहेत आणि त्यांच्याशी करुणेने वागलं पाहिजे असं त्यांनी लिहून दिलं. त्याच महिन्यात सरकारने बहाई समाजाचं काम बघणाऱ्या त्या सातांपैकी सहा जणांना घरांतून उचललं, सातव्या महवश साबेत मार्चपासूनच आत होत्या. वीसवरून दहा वर्षांवर आलेली शिक्षा भोगून त्या २०१७ मध्ये सुटल्या, २०२२ मध्ये त्यांना पुन्हा पकडलं आणि आणखी दहा वर्षांची शिक्षा सुनावली.